गावातील गरिबीवर वसाहतींचा उतारा: ब्रिटनने आपले शेतमजूर समुद्रापलीकडे का पाठवले?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनच्या राज्यकर्त्यांपुढे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता. गावोगावी हजारो शेतमजूर काम मागत होते, पुरेसे काम कोणाकडेच नव्हते आणि त्यांना पोसण्याचा खर्च मात्र दरवर्षी वाढत होता. यावर जे उपाय सुचवले गेले, त्यांतील सर्वांत धाडसी उपाय म्हणजे या लोकांना कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील केप वसाहतीत नेऊन वसवणे. इकडे माणसे फार आणि काम थोडे, तिकडे जमीन अफाट आणि माणसे थोडी. तेव्हा इकडची माणसे तिकडे नेली की दोन्हीकडचे दुखणे बरे होईल, असे त्यामागचे गणित होते. कागदावर इतके सरळ दिसणारे हे गणित प्रत्यक्षात वेगवेगळ्या ठिकाणी फार वेगवेगळ्या रीतीने सुटले. कुठे उपाशी कुटुंबांना शंभर एकर जमीन मिळाली, तर कुठे जहाजाच्या तळघरात माणसे तापाने मेली. असे का झाले हे समजून घ्यायचे असेल, तर प्रत्येक योजनेबद्दल आधी एकच गोष्ट तपासावी असे मला वाटते: प्रवासाचा खर्च कोण करत होते आणि त्यातून त्याला काय साधायचे होते?

मुळात ही गरिबी आली कुठून? इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या १८०१ मध्ये सुमारे ८९ लाख होती. ती १८३१ पर्यंत सुमारे १३९ लाखांवर गेली. पण केवळ माणसे वाढली म्हणून लोक गरीब झाले, असे म्हणणे अर्धवट ठरेल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून संसदेने एकामागून एक कायदे करून गावांची गायराने आणि सामाईक जमिनी कुंपणाआड घातल्या आणि त्या खासगी मालकीच्या झाल्या. ज्या मजुराची एक गाय गायरानावर चरत होती, जो तिथून सरपण आणत होता, त्याचा हा आधार गेला आणि तो केवळ रोजंदारीवर आला. घरोघरी बायका सूत कातून चार पैसे मिळवत, ते काम गिरण्यांनी नेले. हिवाळ्यात धान्य झोडपण्याचे काम अनेक आठवडे पुरत असे; मळणीयंत्र आल्यावर तेही आटले. १८१५ मध्ये नेपोलियनविरुद्धची युद्धे संपली, लाखो सैनिक घरी परतले आणि धान्याचे भाव कोसळले. जमीनदारांच्या हितासाठी परदेशी धान्यावर निर्बंध घालणारा कायदा त्याच वर्षी झाला. त्याने शेतमालाला थोडा आधार मिळाला असेल, पण मजुराची भाकरी महागच राहिली.

गरिबांना पोसण्याची इंग्लंडमधील पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतील स्थानिक कारभाराने, आपापल्या गरिबांची सोय करायची आणि त्यासाठी जमीन-घरांवर पट्टी बसवायची, अशी जुनी व्यवस्था होती. १६६२ च्या कायद्यामुळे प्रत्येक गरीब माणूस कोणत्या तरी एका पॅरिशला बांधलेला असे. तो दुसऱ्या गावी जाऊन अडचणीत आला, तर त्याला मूळ गावी परत पाठवता येई. मे १७९५ मध्ये बर्कशर परगण्यातील न्यायाधिकारी स्पीनहॅमलँड येथील एका खानावळीत जमले आणि त्यांनी पावाच्या भावावरून मदतीचे कोष्टक ठरवले. ठरावीक वजनाचा मोठा पाव एक शिलिंगला असेल, तेव्हा कष्टकरी पुरुषाला आठवड्याला तीन शिलिंग आणि बायको व प्रत्येक मुलामागे दीड शिलिंग मिळालेच पाहिजेत. मजुरी त्याहून कमी पडत असेल, तर उरलेली रक्कम पॅरिशने भरून द्यायची. हेतू दयेचा होता. मात्र मजुरी कितीही कमी दिली तरी उरलेली रक्कम पट्टीतून भरली जाणार, हे शेतमालकांच्या लक्षात आले आणि दक्षिण इंग्लंडमध्ये मजुरीचे दर खालीच राहिले. गरीबपट्टीतून होणारा खर्च १८०३ मध्ये सुमारे ४० लाख पौंड होता, तो १८१८ पर्यंत जवळपास ७९ लाखांवर पोहोचला. ही पट्टी भरणारे जमीनदार आणि त्यांची मोठी कुळे होती आणि गावात ‘जास्तीची’ माणसे किती, याची मोजदाद सर्वांत आवर्जून तेच करत होते.

१८२० च्या दशकात वसाहत खात्याचे उपसचिव असलेले रॉबर्ट विल्मट-हॉर्टन यांनी ही मोजदाद धोरणात उतरवली. त्यांचा युक्तिवाद असा होता की, बेकार मजुराच्या कुटुंबावर पॅरिश दरवर्षी खर्च करते आणि त्या खर्चाला अंत नसतो. तोच पैसा एकदाच, हवे तर कर्ज काढून, त्या कुटुंबाला कॅनडात जमिनीवर बसवण्यासाठी वापरला, तर काही वर्षांत पॅरिशचे कर्ज फिटेल आणि ते कुटुंब स्वतःच्या पायावर उभे राहील. प्रयोगासाठी त्यांनी आयर्लंडमधील कॉर्क परगणा निवडला. त्या भागात खंड आणि चर्चची पट्टी यांच्याविरुद्ध कुळांचे हिंसक बंड चालू होते. त्यामुळे गरिबी हटवण्याइतकाच अशांत भागातील तरुणांना दूर नेण्याचाही विचार या निवडीमागे होता, हे विसरून चालणार नाही.

कॅनडातील पीटर रॉबिन्सन या अधिकाऱ्याने १८२३ मध्ये पाचशेहून अधिक आणि १८२५ मध्ये २,०२४ माणसे कॉर्कहून अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या ओंटारिओत नेली. अर्ज मात्र जागांच्या कितीतरी पट आले होते. दुसऱ्या तुकडीतील प्रत्येक कुटुंबप्रमुखाला १०० एकर जंगलजमीन, लाकडी ओंडक्यांची झोपडी, कुऱ्हाड, कुदळ, बियाणे, एक गाय आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचा शिधा सरकारने दिला. पहिले वर्ष कठीण गेले. हिवतापाने आणि इतर आजारांनी अनेकजण दगावले. ज्यांनी आयुष्यात कधी मोठे झाड तोडले नव्हते, त्यांना बर्फात उभे राहून जंगल साफ करावे लागत होते. तरीही काही वर्षांत ही वस्ती रुजली. तिथल्या गावाला रॉबिन्सनच्या नावावरून पीटरबरो हे नाव मिळाले आणि ते आजही भरभराटीचे शहर आहे. जे गेले, त्यांच्यापुरता हा उपाय लागू पडला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

अडचण खर्चाची होती. माणशी २१ ते २२ पौंड लागले, आणि शेतमजुराची वर्षभराची कमाईही फार तर २५ ते ३० पौंडांच्या घरात असे. विल्मट-हॉर्टन यांच्या अध्यक्षतेखाली १८२६ आणि १८२७ मध्ये संसदेची समिती बसली. तिने प्रत्येक कुटुंबामागे ६० पौंड या हिशोबाने १९,००० कुटुंबे पाठवण्यासाठी ११.४ लाख पौंडांच्या कर्जाची शिफारस केली. स्थायिक झालेल्या लोकांनी ते पुढे हप्त्यांनी फेडावे, अशी कल्पना होती. संसदेने हे कर्ज दिले नाही.

याच समितीपुढे लोकसंख्येचा अभ्यासक थॉमस माल्थस याची साक्ष झाली, आणि या संपूर्ण विषयाचा गाभा त्या साक्षीत आहे, असे मला वाटते. माणसे गेल्याने निर्माण झालेली पोकळी तशीच राहील का, हा खरा प्रश्न होता. जिवंत झरा असलेली विहीर कितीही उपसली तरी सकाळपर्यंत पाणी पुन्हा वर येते, तसेच गावाचे होईल, अशी माल्थसची भीती होती. एक कुटुंब गेले की त्याच्या रिकाम्या झोपडीत नवे जोडपे संसार मांडणार, लग्ने लवकर होणार, आयर्लंडहून नवे मजूर येणार, आणि थोड्याच वर्षांत गाव पुन्हा पूर्वीइतकेच भरणार. म्हणून स्थलांतराचा उपयोग व्हायचा असेल, तर गेलेल्या माणसांची घरे पाडून टाकण्याची व्यवस्था केली पाहिजे, असे मत त्याने दिले. हे वाचताना अंगावर काटा येतो, पण तर्क म्हणून ते प्रामाणिक होते. माणसे गरीब का आहेत, याची कारणे जागच्या जागी ठेवून केवळ माणसे कमी केली, तर गरिबी परत येते, हे त्याला दिसत होते. फरक इतकाच की कारणे बदलण्याऐवजी, म्हणजे जमिनीची मालकी, मजुरीचा दर आणि धान्यावरील निर्बंध यांना हात घालण्याऐवजी, त्याने झोपड्यांना हात घालायला सांगितले.

सरकार मागे हटल्यावर खर्चाची जबाबदारी जमीनदार आणि पॅरिश यांच्याकडे आली. त्यातच ऑगस्ट १८३० मध्ये केंट परगण्यात शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडायला सुरुवात केली आणि पाहता पाहता हा उठाव साऱ्या दक्षिण इंग्लंडभर पसरला. जमीनदारांना धमकीची पत्रे जात, त्यांखाली ‘कॅप्टन स्विंग’ अशी सही असे. पुढे १९ जणांना फाशी झाली आणि सुमारे ५०० जणांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्यात आले. एका अर्थाने हेही गावातील गरिबांना वसाहतीत पाठवणेच होते, फक्त बेड्या घालून.

या उठावानंतर ससेक्समधील पेटवर्थ येथे अर्ल ऑफ एग्रेमाँट या मोठ्या जमीनदाराने आणि टॉमस सॉकेट या धर्मगुरूने स्थलांतर समिती स्थापन केली. १८३२ ते १८३७ या काळात तिने सुमारे १,८०० माणसे अप्पर कॅनडात पाठवली. एग्रेमाँटच्या जमिनी ज्या पॅरिशमध्ये होत्या, तिथे खर्चाचा वाटा तो स्वतः उचलत असे. सॉकेटने जहाजे पोर्ट्समथहून स्वतःच्या देखरेखीखाली भरली, सोबत देखरेख करणारा माणूस दिला आणि कपड्यालत्त्यांकडेही लक्ष पुरवले. गेलेल्यांची घरी आलेली पत्रे त्याने छापून वाटली, अर्थात योजनेला अनुकूल असलेली पत्रे लोकांपुढे यावीत, हा त्यात हेतू होताच. तरी त्या पत्रांतून जे पुन्हा पुन्हा येते, ते खोटे वाटत नाही. तिथे पोटभर मांस मिळते, मालक आणि मजूर एकाच मेजावर जेवायला बसतात, शिकार केली म्हणून कोणी तुरुंगात टाकत नाही, अशा गोष्टी लोक मोठ्या नवलाने लिहीत होते. ससेक्समध्ये जमीनदाराच्या रानातला ससा मारला, तर तुरुंगाची वाट धरावी लागे. त्या माणसाला मोकळ्या रानात बंदूक घेऊन फिरता येणे म्हणजे काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

कॅनडाच स्वस्त का पडत असे, याचे कारण लाकडाच्या व्यापारात होते. क्युबेकहून इमारती लाकूड भरून आलेली जहाजे परतताना रिकामी जात. त्यांच्या मालकांनी लाकूड ठेवण्याच्या भागात फळ्यांचे दुमजली बाक ठोकले आणि त्यांवर माणसे नेली. सहा फूट लांब, सहा फूट रुंद अशा एका फळीवर चार प्रौढ माणसांनी सहा ते आठ आठवडे काढायचे, असा हिशोब असे. या जागेचे भाडे तीन ते पाच पौंडांपर्यंत पडे. ऑस्ट्रेलियाचा प्रवास चार महिन्यांचा होता आणि त्याचे भाडे याच्या कितीतरी पट होते. त्यामुळे कोणी तरी पैसे दिल्याशिवाय तिकडे गरीब माणूस जाऊच शकत नव्हता.

१८३४ मध्ये नवा गरीब कायदा आला. धडधाकट माणसाला घरबसल्या मदत देणे बंद करून त्याला वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून कामाला लावणाऱ्या सरकारी आश्रयगृहात, धाडावे, हे त्याचे मुख्य सूत्र होते. तिथे नवरा, बायको आणि मुले वेगवेगळ्या भागांत ठेवली जात. याच कायद्याने पॅरिशला पट्टीच्या तारणावर कर्ज काढून आपल्या गरिबांना वसाहतीत पाठवण्याची मुभा दिली. त्याचा पुढील एक-दोन वर्षांत सर्वाधिक उपयोग नॉरफोक आणि सफोक या धान्यपिकाच्या पूर्वेकडील परगण्यांनी केला. जाणाऱ्याची संमती आवश्यक होती, पण एका बाजूला वर्कहाउसचे दार आणि दुसऱ्या बाजूला जहाजाची शिडी असताना दिलेल्या संमतीला किती अर्थ उरतो, हे वाचकांनीच ठरवावे.

इथे एक गुंता उभा राहिला. पॅरिशला म्हातारे, आजारी, बहुलेकरी आणि भांडखोर लोक घालवायचे होते, कारण खर्च त्यांच्यावर होत होता. वसाहतींना हवी होती तरुण, निरोगी आणि कामसू जोडपी. चार्ल्स बुलर या खासदाराने १८४३ मध्ये संसदेत यावर कठोर टीका केली. गरिबांना फावड्याने घराबाहेर लोटावे, म्हणजे त्यांचे मरण तरी डोळ्यांआड होईल, अशी ही पद्धत आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. लोअर कॅनडाने, म्हणजे आजच्या क्युबेक प्रांताने, तर १८३२ मध्येच येणाऱ्या प्रत्येक स्थलांतरितामागे पाच शिलिंग कर बसवला होता, कारण आजारी उतरणाऱ्यांचा दवाखान्याचा खर्च शेवटी तिथल्या लोकांवर येऊन पडत होता.

बुलर ज्या विचाराचा पुरस्कार करत होता, तो एडवर्ड गिबन वेकफिल्डचा होता. एका श्रीमंत शाळकरी मुलीला फसवून तिच्याशी लग्न लावल्याबद्दल वेकफिल्ड लंडनच्या न्यूगेट तुरुंगात तीन वर्षांची शिक्षा भोगत होता, आणि तिथेच त्याने वसाहतींविषयी लिहायला सुरुवात केली. त्याचे म्हणणे असे: वसाहतीत जमीन फुकट किंवा मातीमोल मिळाली, तर प्रत्येक मजूर लगेच स्वतःची जमीन घेऊन बसेल आणि भांडवलदाराला कामाला माणूसच मिळणार नाही. म्हणून सरकारने जमिनीची किंमत मुद्दाम चढी ठेवावी, म्हणजे मजुराला जमीन घेण्याआधी काही वर्षे दुसऱ्याकडे राबावे लागेल, आणि विक्रीतून आलेल्या पैशातून नव्या मजुरांचे भाडे द्यावे. या योजनेत इंग्लंडच्या तिजोरीला जवळजवळ काहीच खर्च नव्हता, म्हणून ती राज्यकर्त्यांना आवडली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये १८३१ पासून जमिनीचा लिलाव सुरू झाला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियासाठी १८३४ मध्ये वेगळा कायदा होऊन एकरी किमान १२ शिलिंग दर ठरला. पुढील अनेक वर्षे ऑस्ट्रेलियाकडे मोफत जाणाऱ्या हजारो मजुरांचे भाडे बहुतांशी याच जमीनविक्रीतून निघाले.

मग या योजनेत खर्च नेमका कोणी केला? ज्यांची जमीन विकली गेली, त्यांनी. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा कायदा त्या भूमीला पडीक आणि निर्मनुष्य म्हणतो, पण आजचे ॲडलेड शहर जिथे वसले, तिथे काउर्ना लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. कॅनडातील पीटरबरोच्या परिसरातील सुमारे १९.५ लाख एकर भूमी तिथल्या आनिशिनाबे लोकांकडून १८१८ च्या तहाने ब्रिटिशांनी घेतली, ती वार्षिक ७४० पौंडांच्या मालाच्या बदल्यात. इंग्लंडच्या गावात गायरान गमावलेला मजूर इथे दुसऱ्या कोणाचे तरी रान साफ करत होता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला या व्यवहाराची माहिती क्वचितच होती. पण हा उपाय सुचवणाऱ्यांच्या हिशोबाच्या वहीत मात्र ही बाब खर्चाच्या बाजूला कधीच लिहिली गेली नाही.

या धोरणाचा सर्वांत भीषण चेहरा १८४७ मध्ये आयर्लंडमध्ये दिसला. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडत होता आणि बटाट्यावर जगणारे लाखो लोक उपासमारीत सापडले होते. आयर्लंडमध्ये ज्या लहान जमिनींचे वार्षिक मूल्य चार पौंडांपर्यंत होते, त्यांची गरीबपट्टी कुळाऐवजी जमीनदाराला भरावी लागे. म्हणजे लहान कुळे जितकी जास्त, तितका जमीनदारावर बोजा जास्त. जून १८४७ मध्ये, पाव एकराहून अधिक जमीन धरणाऱ्याला मदत मिळणार नाही, अशी तरतूद झाली, आणि मूठभर पिठासाठी कुळांना जमीन सोडावी लागली. अशा वेळी काही जमीनदारांनी आपली कुळे थेट जहाजावर चढवली. रॉसकॉमन परगण्यातील स्ट्रोक्सटाउन येथील डेनिस माहोन याच्या कारभाऱ्याने, या लोकांना वर्षभर पोसण्यापेक्षा कॅनडाला पाठवणे स्वस्त पडते, असा हिशोब मांडला. मे १८४७ मध्ये १,४९० माणसे कालव्याच्या काठाने चालत डब्लिनला गेली, तिथून लिव्हरपूलला आणि पुढे क्युबेककडे. त्यांच्यापैकी अनेकांना नेणाऱ्या ‘व्हर्जिनियस’ या जहाजावर ४७६ प्रवासी होते. त्यांतले १५८ वाटेतच मेले. सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस आयल या विलगीकरण बेटावर त्या एका उन्हाळ्यात पाच हजारांहून अधिक माणसे पुरली गेली. माहोनची त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोळ्या घालून हत्या झाली. पुढे पंतप्रधान झालेल्या लॉर्ड पामर्स्टननेही स्लायगो परगण्यातील आपल्या जमिनीवरून सुमारे २,००० माणसे त्याच वर्षी पाठवली, आणि त्यांच्यापैकी काही इतक्या फाटक्या कपड्यांत उतरली की कॅनडातून त्याविरुद्ध उघड तक्रार झाली.

रॉबिन्सनच्या लोकांना आणि माहोनच्या लोकांना नेणाऱ्या जहाजांची वाट एकच होती. मधे फक्त वीस-बावीस वर्षे गेली होती. पहिल्या वेळी खर्च करणाऱ्याला प्रयोग यशस्वी करून दाखवायचा होता, म्हणून उतरल्यावर गाय आणि शिधा मिळाला. दुसऱ्या वेळी खर्च करणाऱ्याला जमीन रिकामी हवी होती, आणि जहाज किनाऱ्यावरून हलले की त्याचे काम संपत होते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवरही याच सुमारास करप्याने बटाटा गेला. तिथे १८५२ ते १८५७ या काळात एका संस्थेने सुमारे पाच हजार लोकांना ऑस्ट्रेलियाला पाठवले. तिच्या प्रमुख चालकांत सर चार्ल्स ट्रेव्हेलियन होते, आयर्लंडच्या दुष्काळात सरकारी तिजोरीचा हात आखडता ठेवणारे आणि पुढे मद्रासचे गव्हर्नर झालेले.

एवढे सगळे वाचून, स्थलांतराने गरिबी कमी झालीच नाही, असा निष्कर्ष काढला तर तोही चुकेल. आयर्लंडची लोकसंख्या १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख होती, ती १९०१ पर्यंत ४५ लाखांच्या आत आली, आणि मागे राहिलेल्यांची मजुरी या काळात खरोखर वाढली. मात्र हे जमीनदारांच्या किंवा सरकारच्या योजनांनी घडले नाही. आयर्लंड सोडणाऱ्यांतील फार मोठा भाग अमेरिकेतून आलेल्या आप्तांच्या पैशांवर गेला. एकट्या १८५१ मध्ये उत्तर अमेरिकेतून आयर्लंडकडे जवळपास दहा लाख पौंड आल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यांतले बरेचसे पैसे धाकट्या भावाच्या, बहिणीच्या किंवा आईच्या तिकिटासाठी होते. मोलकरीण म्हणून राबणाऱ्या मुलींनी वाचवलेल्या पैशाने जितकी कुटुंबे हलवली, तितकी कोणत्याही राजकीय समितीने हलवली नाहीत, हे मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत लक्षात ठेवण्याजोगे वाटते.

इंग्लंडमध्येही पुढे हाच उपाय मजुरांच्या हाती आल्यावर वेगळ्या रीतीने वापरला गेला. फेब्रुवारी १८७२ मध्ये वॉरिकशरमधील वेल्सबर्न गावी जोसेफ आर्च या शेतमजुराने एका झाडाखाली सभा घेतली आणि त्याच वर्षी शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. संघटनेने मजुरीवाढ मागितली आणि सोबत स्थलांतराचाही पुरस्कार केला. आर्च स्वतः १८७३ मध्ये कॅनडाची परिस्थिती पाहून आला. इथे हिशोब उलटा होता: ज्याला मालक काम नाकारतो त्याला संघटना परदेशी पाठवेल, गावात हात कमी होतील, आणि उरलेल्यांना मालकाशी दर ठरवताना बळ मिळेल. जहाज तेच, वसाहतही तीच, पण कोण जाणार आणि कशासाठी हे ठरवणारी माणसे बदलली होती.

हा विचार आपल्याकडेही पोहोचला, तो मात्र फार वेगळ्या परिस्थितीत. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी १८३४ मध्ये संपल्यावर मॉरिशसच्या ऊसमळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेणे सुरू झाले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडील मराठी माणसे होती, आणि मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज दिसतो तो त्यांच्यापासून वाढला. पेटवर्थच्या मजुराला जमिनीची आशा होती. कोकणातल्या मजुराला पाच वर्षांचा करार आणि मळेवाल्याची हुकमत. भाडे मळेवाला भरत होता आणि त्याला शेजारी शेतकरी नको होता, हात हवे होते.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९३ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत भारतीयांच्या परदेशगमनावर निबंध वाचला. शेतीवर अवलंबून असलेल्या आणि वाढत जाणाऱ्या लोकसंख्येला देशातील आणि देशाबाहेरील स्थलांतर हा एक मार्ग आहे, असे ते मानत होते, आणि वसाहतींत करार संपल्यावर स्थिरावलेल्या भारतीयांची स्थिती त्यांना आशादायक वाटली होती. त्यांचा विचार समजण्यासारखा आहे; इंग्रज आणि आयरिश शेतमजुरांसाठी वसाहतींचे दार उघडे असेल, तर साम्राज्याच्याच प्रजाजन असलेल्या भारतीय शेतकऱ्यासाठी ते का नसावे? याचे उत्तर दोनच वर्षांत दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने दिले. करार संपल्यावरही तिथे राहू इच्छिणाऱ्या भारतीय मजुरावर १८९५ च्या कायद्याने दरसाल तीन पौंडांचा कर लादला गेला. अनेकांची महिन्याची कमाई एक पौंडाच्या आसपास होती, म्हणजे वर्षातले काही महिने केवळ तिथे राहण्याच्या परवानगीसाठी राबायचे. रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये केंद्रीय कायदेमंडळात नाताळला करारबद्ध मजूर पाठवणे बंद करण्याचा ठराव मांडला आणि तो मान्य होऊन पुढच्या वर्षी ही भरती थांबली. मार्च १९१२ मध्ये त्यांनी सर्वच वसाहतींसाठीची करारपद्धत रद्द करण्याचा ठराव आणला. सरकारी सदस्यांच्या बहुमताने तो फेटाळला गेला, आणि ही भरती थांबायला १९१७ साल उजाडावे लागले. गोखले त्याआधी दोन वर्षे निवर्तले होते.